तीन विभाग, एक रांग : सामायिक संगणन पूलच्या प्रकल्प नोंदी

११ ऑगस्ट २०२५, सोमवार

काम अखेर कागदावर आलं. संगणक विभागाच्या दोन लॅब, संख्याशास्त्राची एक लॅब आणि रसायनशास्त्राचा चार नोडांचा क्लस्टर (एकत्र जोडलेले चार मोठे संगणक), हे सगळं मिळून एका रांगेतून वापरायचं. लॅबमधली ६८ मशीन आहेत, प्रत्येकी चार कोअर आणि आठ जीबी मेमरी. क्लस्टरचा प्रत्येक नोड ३२ कोअरचा. बडोद्यातल्या एका मध्यम आकाराच्या महाविद्यालयाला हे काही कमी नाही.

समितीत पहिल्या दहा मिनिटांतच 'एक मोठा सर्व्हर घेऊन टाका' हा सूर लागला. तो मी दिवाळीपर्यंत थोपवला आहे. माझा अंदाज असा की आपल्याकडे मशीन कमी नाहीत, मागण्या फुगलेल्या आहेत. पण अंदाजावर बैठक जिंकता येत नाही, म्हणून आजपासून प्रत्येक जॉबची, म्हणजे रांगेत टाकलेल्या प्रत्येक कामाची, नोंद ठेवायची : कधी टाकला, कधी सुरू झाला, किती मागितलं, किती वापरलं.

क्लस्टरवर आधीपासून स्लर्म हा शेड्युलर आहे, म्हणजे कोणता जॉब कधी आणि कुठे चालवायचा ते ठरवणारा प्रोग्राम; तो तसाच राहील. लॅबसाठी त्याच कामाचा एचटीकॉन्डर. हे विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठातलं १९८८ पासूनचं काम, मायरन लिव्हनी यांच्या गटाचं, आणि मुळात टेबलांवर रिकाम्या बसलेल्या संगणकांसाठीच केलेलं. आमची गरज तंतोतंत तीच आहे. नंतर दोन्हीकडच्या रांगा जोडायच्या, आधी मात्र दोन्ही घरं वेगवेगळी लावून घ्यायची.

यूपीएस आणि मुख्य स्विच पहिल्या मजल्यावरच ठेवायचे, हे लेखी घातलं. गेल्या वर्षी ऑगस्टच्या शेवटी विश्वामित्री नदी शहरात आली होती, ते कोणी विसरलेलं नाही.

१४ ऑगस्ट, गुरुवार

लॅबच्या मशीनवरचे नियम. विद्यार्थी बसलेला असताना दुसऱ्याचा जॉब त्याच्या मशीनवर चालता कामा नये, एवढी एकच अट तिन्ही लॅबप्रमुखांनी घातली. एचटीकॉन्डरमध्ये टेबलावरच्या संगणकांसाठी तयार धोरण मिळतं. कीबोर्डला १५ मिनिटं हात लागला नाही आणि मशीनवर भार नसेल तर जॉब घ्यायचा. कोणी कळ दाबली की जॉब जागच्या जागी थांबवायचा. माणूस उठून गेला आणि पाच मिनिटं शांतता असली तर तिथूनच पुढे. दहा मिनिटं थांबूनही माणूस उठत नसेल तर जॉबला मशीनवरून काढायचं आणि रांगेत परत पाठवायचं.

संख्याशास्त्राचे सर म्हणाले, "आमची मशीन आम्ही देतो, पण आमच्या पोरांचा जॉब आला तर त्याला आधी जागा मिळाली पाहिजे." रास्त आहे. त्यांच्या मशीनच्या पसंतीक्रमात त्यांच्या विभागाचं नाव वर घातलं. त्यांचा जॉब आला की पाहुण्याला उठावं लागेल. मात्र पाहुण्याला सामान आवरायला वीस मिनिटं द्यायची, हेही त्याच बैठकीत ठरलं. वीस मिनिटांच्या आत संपणारे जॉब निदान वाया जाणार नाहीत.

मालकी शाबूत राहते म्हटल्यावर माणसं वाटून घ्यायला तयार होतात. तांत्रिक भाग त्यानंतरचा.

२० ऑगस्ट, बुधवार

एम.एस्सी.ची एक विद्यार्थिनी आली. "मॅडम, माझा जॉब कालपासून रांगेतच आहे. लॅब तर रिकामी दिसतेय."

तिच्यासमोरच जॉबचं विश्लेषण मागवलं. एचटीकॉन्डरमध्ये जॉबचं एक निवेदन असतं आणि मशीनचंही. दोघांच्या अटी एकमेकांना पटल्या तरच जोडी जमते. विश्लेषणात जॉबची एकेक अट घेऊन ती किती मशीन पुरी करतात ते दिसतं. लिनक्स हवं : सगळी पुरी करतात. डिस्क एवढी हवी : सगळी. मेमरी १६ जीबी हवी : शून्य.

"१६ जीबी कशाला मागितलेस?"

"सीनियरच्या फाइलमध्ये तेच होतं."

त्या सीनियरला विचारलं असतं तर त्यानेही त्याच्या सीनियरचं नाव सांगितलं असतं. मी तिला छोट्या नमुन्यावर एकदा चालवायला लावलं आणि लॉगच्या शेवटच्या ओळी वाचायला सांगितल्या. तिथे मागितलेलं आणि प्रत्यक्ष वापरलेलं शेजारी-शेजारी छापून येतं. वापर दोन जीबीच्याही खाली. मागणी २५०० एमबी केली आणि चहा घेऊन येईपर्यंत जॉब धावत होता.

आता तिन्ही विभागांसाठी नमुन्याच्या कोऱ्या फाइली करून ठेवते, मेमरीच्या रकान्यात आकडाच नसलेल्या. आकडा भरल्याशिवाय जॉब जाणार नाही.

२७ ऑगस्ट, बुधवार

गणेश चतुर्थी. महाविद्यालय बंद. सकाळी आरतीआधी घरून पाहिलं तर ६८ पैकी पाच मशीन जिवंत. बाकीची गेली कुठे?

२९ ऑगस्ट, शुक्रवार

उलगडा झाला. रात्री साडेनऊला चौकीदारकाका प्रत्येक लॅबचा मेन पाडतात. वीज वाचवायची अशी त्यांना जुनी सूचना आहे आणि ते ती चोख पाळतात. मला म्हणाले, "बेन, लाइट चालू रही गई हती, एटले बंध करी." काकांचं काहीच चुकलं नाही. रात्रीचं कोणी काही मागेल असं त्यांना सांगितलंच कुणी नव्हतं.

दिवे आणि पंख्यांचा मेन वेगळा आहे, तो त्यांनी खुशाल पाडावा. संगणकांच्या मेनवर लाल पट्टी लावली आणि गुजरातीत सूचना चिकटवली. उगाच ६८ मशीन रात्रभर जागी ठेवणं मलाही पटत नाही. जी मशीन बराच वेळ रिकामी असतील ती झोपतील आणि रांगेत काम आलं की नेटवर्कवरून हाक देऊन उठवायची, अशी सोय एचटीकॉन्डरमध्ये आहे. त्या घटकाचं नाव रूस्टर, म्हणजे कोंबडा. संख्याशास्त्राच्या लॅबमधल्या काही मशीनची बायॉस (मशीन सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) जुनी आहे, ती हाकेला ओ देत नाहीत. ती जागीच राहू देत.

२ सप्टेंबर, मंगळवार

आजचा दिवस ३१ नंबरच्या मशीनने खाल्ला.

रसायनशास्त्राच्या बाईंनी सकाळी १५०० रेणूंचं डॉकिंग (रेणू प्रथिनात कसा बसतो याचं गणित) टाकलं. एका रेणूला एक जॉब, साधारण वीस मिनिटांचा. अर्ध्या तासाच्या आत रांग रिकामी. बाई खुश. मग निकालांचं फोल्डर उघडलं तर बहुतेक फाइली शून्य बाइटच्या.

लॉगमध्ये मशीनचा नंबर पाहिला. ओळीमागून ओळ ३१, ३१, ३१. प्रत्येक जॉब तिथे सुरू होतो आणि तीन सेकंदांत १२७ हा कोड देऊन पडतो. मागच्या अपडेटमध्ये त्या मशीनवरची एक सामायिक लायब्ररी गेली होती, त्यामुळे प्रोग्राम उघडतच नव्हता. पण शेड्युलरच्या नजरेने बघा : हे मशीन सर्वांत चटपटीत! जॉब घेतं, लगेच मोकळं होतं, पुढचा मागतं. धडधाकट मशीन एका जॉबला वीस मिनिटं लावतं, तेवढ्यात याचे चार कोअर तीन-तीन सेकंदांच्या हिशोबाने कागदावर १६०० जॉब गिळू शकतात. म्हणजे पहिला खरा निकाल हाती यायच्या आत अख्खी रांग फस्त. ग्रिडवाले (ठिकठिकाणचे संगणक जोडून वापरणारे) अशा नोडला कृष्णविवर म्हणतात, आणि तो कुठल्याही मोठ्या ग्रिडवर कधी ना कधी भेटतोच. जलद संपलं म्हणजे चांगलं झालं, असं धरून चालणाऱ्या प्रत्येक व्यवस्थेत त्याला जागा आहे.

दोन बाजूंनी बंदोबस्त केला. जॉबच्या बाजूने : शून्याखेरीज दुसरा कोड आला तर जॉब संपला असं मानायचं नाही, ठरावीक वेळा पुन्हा पाठवायचा आणि तरीही पडला तर रांगेतच रोखून धरायचा. मशीनच्या बाजूने : दर पाच मिनिटांनी एक छोटी तपासणी चालेल. लायब्ररी जागेवर आहे का, सामायिक फोल्डर दिसतं का, घड्याळ बरोबर आहे का. तिचा निकाल मशीनच्या निवेदनात लिहिला जाईल आणि तो 'ठीक' नसेल तर मशीन नवा जॉब घेणार नाही.

बाईंचे जॉब दुपारी परत टाकले. त्या एवढंच म्हणाल्या, "सकाळी मला वाटलंच होतं, इतकं झटपट आपल्याकडे काही होत नाही."

८ सप्टेंबर, सोमवार

गणपती विसर्जन आटोपलं, आवाज बसलेले आहेत, काम सुरू.

क्लस्टरच्या नोंदी चाळल्या. स्लर्मवर ७२ तासांची कमाल मर्यादा आहे आणि मागणीच्या रकान्यात जवळपास सगळीकडे तोच आकडा. प्रत्यक्षात बरेचसे जॉब पहिल्या रात्रीतच संपलेले. कोणी विचारच केलेला नाही, कमाल जे मिळतं ते मागितलं.

हे काही बडोद्याचंच वैशिष्ट्य नाही. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातले ड्रॉर फायटेल्सन यांनी जगभरच्या सुपरसंगणकांच्या रांगांच्या नोंदी एकत्र ठेवल्या आहेत. एका जॉबची एक ओळ, ओळीत १८ रकाने. त्यात 'मागितलेला वेळ' आणि 'लागलेला वेळ' हे दोन रकाने शेजारी ठेवून पाहिले की तिथेही अंदाज फुगवलेले दिसतात, आणि आकडेही गोल-गोल असतात. मर्यादा ओलांडली की जॉब मारला जातो, म्हणून माणूस घाबरून जास्त मागतो. समजण्यासारखं आहे. आपल्या नोंदीही याच १८ रकान्यांत ठेवायच्या असं ठरवलं, म्हणजे उद्या कोणा विद्यार्थ्याला प्रकल्पाला वापरता येतील.

११ सप्टेंबर, गुरुवार

बाईंच्या तीन विद्यार्थ्यांना फळ्यापाशी बसवून बॅकफिल समजावलं. त्यांचं म्हणणं, "जास्त वेळ मागितला तर आमचं नुकसान काय? मिळतोय तर घेतो."

चार नोड. तीन आणि चार नंबरवर एक जॉब चालू आहे, अजून सहा तास चालेल. एक आणि दोन रिकामे. रांगेत पहिला जॉब उभा आहे त्याला चारही नोड हवेत. म्हणजे तो सहा तासांनी सुरू होणार, त्याआधी नाही. मग हे दोन नोड सहा तास नुसते बसवून ठेवायचे? शेड्युलर रांगेत मागे बघतो. कोणाला दोन नोड पाच तासांसाठी हवे असतील तर तो आत्ता जाईल आणि वेळेत बाहेर येईल, चार नोडवाल्याचं काहीच अडणार नाही. सात तासवाला गेला तर मात्र त्याच्यामुळे पहिल्याला तासभर ताटकळावं लागेल, म्हणून त्याला सोडत नाहीत. पंगत बसायला वेळ असला की पोरांना आधी वाढून मोकळं करतात, तसं. अट एकच, पंगतीची पानं मांडायच्या आत पोरं उठली पाहिजेत.

आता तुमचा जॉब खरा चार तासांचा, आणि तुम्ही लिहिलंत ७२. शेड्युलरला मनातलं कळत नाही. तो तुम्हाला ७२ तासांचाच समजणार आणि ती सहा तासांची फट तुमच्या समोरून दुसऱ्याला देणार.

एकाचा चेहरा पडला. त्याचा जॉब त्या क्षणी नेमका तसाच अडकलेला होता. वेळ कमी करून दाखवला, स्लर्मला रांगेतल्या जॉबचा वेळ खाली आणलेला चालतो. पुढच्या फेरीत जॉब आत गेला. माझ्या तासाभराच्या भाषणापेक्षा तेवढ्याने जास्त काम झालं.

ही युक्ती १९९५ ची, आर्गोन प्रयोगशाळेत आयबीएमच्या एसपी यंत्रासाठी डेव्हिड लिफ्का यांनी बसवलेली. तिच्यात फक्त रांगेतल्या पहिल्याला वेळेची हमी असते. दुसरा एक सावध प्रकार आहे, त्यात मागच्यांनाही हमी मिळते. स्लर्म या दुसऱ्या प्रकाराच्या जवळ जातो. निदान जावा, असं आज सकाळपर्यंत धरून चालले होते. पण चार नोड मागणारा बाईंचा एक जॉब आठवडा उलटला तरी जागचा हललेला नाही. उद्या बघते.

१६ सप्टेंबर, मंगळवार

चार नोडवाल्याचं कोडं सुटलं, आणि फार सुंदर सुटलं.

रांगेत प्राधान्य त्यालाच सर्वांत जास्त. तरीही त्याच्या डोळ्यांदेखत एकेक नोडचे जॉब आत जात होते. अंदाजे सुरू होण्याची वेळ विचारली तर रकाना कोरा. म्हणजे शेड्युलरने त्याच्यासाठी वेळ राखूनच ठेवलेली नव्हती.

स्लर्मचा बॅकफिल भविष्यात किती लांबवर बघतो याची एक खिडकी असते, मिनिटांत. मूळ किंमत १४४०, म्हणजे एक दिवस. आमच्याकडे ७२ तासांचे जॉब चालतात. समजा एका नोडवरचा जॉब अजून ४० तास बसणार आहे. शेड्युलर पुढचे २४ तास तपासतो, त्यात चारही नोड एकत्र मोकळे होणारी वेळ सापडत नाही, म्हणून तो या जॉबला बाजूला ठेवतो आणि मागच्यांकडे वळतो. दुसरा नोड सुटला की तिथे एखादा ७२ तासवाला येऊन बसतो. आता मोकळी वेळ आणखी पुढे गेली, पुन्हा खिडकीबाहेर. असं कितीही दिवस चालू शकतं. ना कुठे त्रुटीचा संदेश, ना कोणाची लबाडी.

स्लर्मच्या दस्तऐवजात सरळ लिहिलं आहे की खिडकी निदान कमाल मर्यादेएवढी ठेवा, नाहीतर उपासमार होऊ शकते. ७२ तास म्हणजे ४३२० मिनिटं. तेवढी केली. लांब बघायचं तर गणित वाढतं, म्हणून वेळेचे तुकडे ६० सेकंदांऐवजी १८० चे केले. चार नोडांच्या क्लस्टरला तीन मिनिटांच्या चुकभुलीने काही बिघडत नाही.

पाच वाजता बदल केला. अंदाजे वेळेच्या रकान्यात आकडा आला : गुरुवारी पहाटे. बाईंना फोन करून सांगितलं. त्यांनी दोनदा विचारलं, "नक्की ना?" मी म्हटलं, फार तर गुरुवार, बहुधा त्याआधीच होईल, कारण पुढे बसलेल्यांनीही गरजेपेक्षा जास्त, ७२ लिहिलेले आहेत.

१७ सप्टेंबर, बुधवार

रात्री साडेअकरालाच सुरू झाला.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

न्यायाचा वाद. हा यायचाच होता.

संख्याशास्त्राच्या सरांनी एका विद्यार्थ्याचा प्रबंध द्यायचा म्हणून शनिवार-रविवारी लॅबचा पूल आणि क्लस्टर दोन्ही भरून सिम्युलेशन चालवलं. मंगळवारी बघतात तर लॅबमध्ये त्यांना पुन्हा बऱ्यापैकी जागा मिळतेय, क्लस्टरवर मात्र ते सगळ्यांच्या मागे. "एकाच गोष्टीची शिक्षा एकीकडे माफ आणि दुसरीकडे कायम, हा कुठला न्याय?"

दोन्ही शेड्युलर तेच करतात : ज्याने अलीकडे जास्त वापरलं त्याला मागे ठेवायचं आणि जुना वापर हळूहळू विसरायचा. फरक विसरण्याच्या वेगात आहे. एचटीकॉन्डरमध्ये वापराचं ओझं एका दिवसात निम्मं होतं. स्लर्ममध्ये निम्मं व्हायला सात दिवस लागतात. दोन दिवसांनंतर लॅबच्या खात्यात सरांच्या वापराचा चौथा हिस्सा उरला, क्लस्टरच्या खात्यात अजून ८२ टक्के. दोन्ही मूळ किमती आहेत, त्या आपण निवडलेल्याच नव्हत्या.

मग निवडायला बसलो. बाई म्हणाल्या, विसरायलाच नको, महिन्याचा हिशोब ठेवा. सर म्हणाले, एक दिवस पुरे. मला वाटतं दोन्ही टोकं वाईट. लवकर विसरलं तर जो रोज रांग भरतो तोच रोज पुढे राहतो. फार उशिरा विसरलं तर प्रबंधाच्या वेळी जोर लावणाऱ्या विद्यार्थ्याला पुढे महिनाभर उपाशी ठेवल्यासारखं होतं, आणि आपल्याकडे काम असंच झटक्याने येतं. क्लस्टरवर सात दिवस ठेवले, लॅबमध्ये तीन केले. सरांना ते पूर्ण पटलं नाही. पण आकडा कुठून आला हे माहीत असलं की भांडण निदान आकड्याशी होतं, माझ्याशी नाही.

स्लर्मच्या जुन्या सूत्रात ते छान दिसतं. आपल्या वाट्याएवढंच वापरलं तर प्राधान्याचा गुण अर्धा, दुप्पट वापरलं तर पाव, काहीच वापरलं नाही तर पूर्ण एक. फळ्यावर तेवढंच लिहून ठेवलं आहे. कोणी पुसू नये.

२३ सप्टेंबर, मंगळवार

काल घटस्थापना झाली. संध्याकाळी सातनंतर लॅबमध्ये चिटपाखरू नाही, सगळे गरब्याला. नवरात्रीच्या रात्री हे शहर पहाटेपर्यंत जागं असतं आणि कीबोर्डला कोणी हात लावत नाही. आमच्या पूलसाठी वर्षातला सर्वांत चांगला काळ.

सरांच्या विद्यार्थ्याने ही संधी साधून हजारो जॉब टाकले. प्रत्येक जॉब आठ सेकंदांचा. मशीन मोकळी असूनही काम रेंगाळत होतं, कारण प्रत्येक जॉबमागे फाइल पाठवणं, फोल्डर उघडणं, निकाल परत आणणं यातच कामापेक्षा जास्त वेळ जात होता. दोनशे-दोनशे पुनरावृत्ती एका जॉबमध्ये बांधायला सांगितल्या, म्हणजे एक जॉब साधारण २७ मिनिटांचा. याहून मोठे नकोत, कारण सकाळी नऊला मुलं येऊन बसली की अर्धवट जॉब हाकलले जातात.

मोठे जॉब लॅबमध्ये पाठवायचेच असतील तर त्यांना स्वतःची प्रगती जपता आली पाहिजे. एचटीकॉन्डर पूर्वी काही प्रोग्रामांसाठी हे परस्पर करायचा, ती सोय आता काढून टाकली आहे. रेणूंचं सिम्युलेशन करणारा ग्रोमॅक्स दर १५ मिनिटांनी स्वतःच चेकपॉइंट (तोवरच्या प्रगतीची फाइल) लिहितो, म्हणून जॉब हाकलला गेला तरी ती फाइल परत येईल अशी सेटिंग बाईंच्या नमुना फाइलमध्ये घातली. जिथे चेकपॉइंट नाही ते प्रोग्राम क्लस्टरवरच.

३० सप्टेंबर, मंगळवार

दोन रांगा जोडल्या. पहिली रीत सरळ होती : लॅबमध्ये जागा नसेल तर एचटीकॉन्डरने जॉब स्लर्मच्या रांगेत ढकलायचा. चालली, पण एक खोट दिसली. दुपारी चारला ढकललेला जॉब क्लस्टरच्या रांगेत उभा राहतो. सातला लॅब मोकळी होते. जॉब मात्र तिकडेच अडकलेला, कारण निर्णय चारलाच घेतला गेला. मोठ्या ग्रिडवर ही अडचण कितीतरी पटींनी मोठी, तिथे शेकडो ठिकाणच्या रांगा असतात आणि कोणती कधी हलेल ते बाहेरून कळत नाही.

सर्न या युरोपातल्या कणभौतिकी प्रयोगशाळेतल्या प्रयोगांनी यावर काढलेली वाट आपल्यालाही पुरते. जॉब पाठवायचाच नाही, आधी पायलट पाठवायचा. पायलट म्हणजे रिकामा जॉब. तो परक्या रांगेत उभा राहतो, नोड मिळाला की तिथली तब्येत तपासतो आणि मगच मूळ रांगेला सांगतो, 'जागा मिळाली, आता काम द्या.' काम कुठे चालणार हे अगदी शेवटच्या क्षणी ठरतं. ॲटलास प्रयोगाचा पांडा, एलएचसीबीचा डिरॅक आणि सीएमएसचा ग्लाइडइन, तिन्ही याच वाटेचे. मुंबईतलं टीआयएफआर सीएमएससाठी आणि कोलकात्याचं व्हीईसीसी ॲलिससाठी या ग्रिडची केंद्रं चालवतात, तेव्हा ही वाट आपल्या देशातही रोजच्या वापरातली आहे.

आमच्याकडचा पायलट स्लर्मसाठी साधा एका नोडचा सहा तासांचा जॉब आहे. आत गेला की तो नोड काही काळासाठी लॅबच्या पूलमध्ये येतो. दोन गोष्टी जपायच्या. पंधरा मिनिटं काम मिळालं नाही तर पायलटने स्वतःहून निघायचं, उगाच नोड अडवायचा नाही. आणि स्लर्मच्या वहीत सगळा वापर पायलटच्या एकाच नावावर चढतो. मग सरांचा वापर लपतो आणि फेअरशेअर, म्हणजे वापर पाहून प्राधान्य ठरवणं, निरर्थक होतं. म्हणून प्रत्येक विभागाचा पायलट वेगळ्या खात्यावरून पाठवायचा. परवाच न्यायावर एवढं बोलणं झालं, तो असा मागच्या दाराने जायला नको.

९ ऑक्टोबर, गुरुवार

समितीची बैठक. नवीन सर्व्हरचा विषय पुन्हा आला. मी आधी आकडे ठेवले : मेमरी आणि वेळेच्या मागण्या खऱ्या झाल्यापासून क्लस्टरवरचं थांबणं स्पष्ट कमी झालंय, आणि रात्रीची लॅब अजूनही पुरती भरत नाही.

एक सदस्य म्हणाले, "तरीही, एक मशीन वाढवलं तर तोटा तर नाही ना?"

म्हणून फळ्यावर रोनाल्ड ग्रॅहम यांचं उदाहरण काढलं. बेल प्रयोगशाळेतले हे गणिती, साल १९६६. नऊ कामं, वेळ अनुक्रमे ३, २, २, २, ४, ४, ४, ४ आणि ९. पहिलं संपल्याशिवाय नववं सुरू होत नाही. चौथं संपल्याशिवाय पाच ते आठ सुरू होत नाहीत. मशीन मोकळं झालं की यादीतलं पुढचं तयार काम उचलायचं, एवढाच नियम. तीन मशीनवर : पहिलं मशीन पहिलं काम तीनला संपवतं आणि लगेच नववं घेतं, बाराला मोकळं. बाकीची दोन मशीन उरलेली कामं बाराच्या ठोक्याला संपवतात. एकूण १२.

आता चौथं मशीन आणा. पहिली चार कामं एकदम सुरू. दोनला तीन मशीन मोकळी, त्यांनी पाच, सहा, सात उचलली. तीनला पहिलं मोकळं झालं, त्याने आठ उचललं. सर्वांत लांब असलेल्या नवव्याला जागा मिळते सहाला, आणि ते संपतं पंधराला. मशीन एक वाढलं, वेळ १२ चा १५ झाला.

सदस्यांनी स्वतः खडू घेऊन पुन्हा मांडून पाहिलं. उत्तर तेच. मी कबूल केलं की रोज असं होत नाही, आणि आमचे बहुतेक जॉब एकमेकांवर अवलंबूनही नाहीत. पण बाईंच्या नव्या कामात ते आहेत : आधी रचना, मग सिम्युलेशन, मग विश्लेषण. तिथे लांब शृंखलेला यादीत आधी ठेवलं तर फुकटात वेळ वाचतो.

ठराव झाला तो असा : सर्व्हर आत्ता नको, संख्याशास्त्राच्या लॅबमधल्या २० मशीनची मेमरी आठची सोळा करायची. नोंदींप्रमाणे १० ते १२ जीबी खरोखर लागणारे काही जॉब आहेत आणि त्यांना आज क्लस्टरशिवाय थारा नाही. मेमरीच्या तीन दरपत्रकांसाठी दुकानांना उद्या फोन.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

रविवारी, १९ तारखेला सकाळी आठपासून विजेचं काम आहे, इलेक्ट्रिशियनने दिवाळीच्या आधीचाच दिवस दिला. स्लर्ममध्ये देखभालीसाठी चारही नोड आठ वाजल्यापासून राखून ठेवले. आठच्या आत संपू न शकणारा जॉब शेड्युलर आता सुरूच करणार नाही. लॅबमध्ये नवे जॉब घेणं शनिवारी रात्री बंद होईल.

दुपारी चारला सरांचा फोन. "क्लस्टर अर्धा रिकामा आहे आणि माझा जॉब उभा आहे. परत काय बिघडलं?"

"किती तास लिहिलेत, सर?"

"७२. सुट्टीत चालू राहील म्हणून."

आत्तापासून रविवारी आठपर्यंत ४० तास आहेत. खरे किती लागतील विचारलं तर म्हणाले, तीस-एक. ३६ लिहायला सांगितलं. जॉब ४:१० ला दोन नंबरच्या नोडवर सुरू झाला.